विमानाआधीचा कोरडा दिवस

सहल माझी होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या दोन महिन्यांत ती इतक्या लोकांची झाली की मूळ मालकीण कोण, हे घरात कोणाला आठवेना.

पन्नाशी उलटल्यावर मी डायव्हिंग शिकले. धायरीत आमच्या घराजवळ पोहण्याचा तलाव आहे. तिथे सकाळच्या बायकांच्या बॅचला मी वर्षानुवर्षं जात होते. एका उन्हाळ्यात तिथे एक तरुण प्रशिक्षक मुलगी आली आणि लोकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना तळाशी बसवायला लागली. मी गंमत म्हणून बसले आणि मला उठावंसंच वाटेना. तळाशी कोणी हाक मारत नव्हतं. दारावरची बेल नव्हती, कुकरची शिट्टी नव्हती, 'अगं, माझा चष्मा कुठे आहे' नव्हतं. पुढे त्याच मुलीबरोबर तारकर्लीला जाऊन समुद्रातल्या डाइव्ह केल्या, परीक्षा दिली, डायव्हरचं कार्ड मिळवलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यावरून नवरा म्हणाला, "आता माशांना शिकवणार का?" सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मला अजून हसता येत होतं.

त्या मुलीने मला एकदा मोबाइलवर मांटा मासा दाखवला. कोकणात ज्याला पाकट म्हणतात, त्याच्या घराण्यातला सगळ्यात मोठा. खोलीभर पंख, आणि चालणं असं की घाई नावाची गोष्टच त्याला कोणी शिकवलेली नाही. मालदीवच्या दक्षिण टोकाला एक बेट आहे, तिथे तो ठरावीक जागी अंग साफ करून घ्यायला येतो. बारके मासे त्याच्या अंगावरची घाण खातात आणि तो शांतपणे तरंगत राहतो. म्हणजे जगात एक जागा अशी आहे की जिथे एवढा मोठा जीव नुसता थांबून राहतो आणि त्याचं कोणी तरी करतं. मला ते पाहायचं होतं. दुसरं काही नको होतं.

म्हणून मी बेत आखायला घेतला. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज आटोपल्यावर निघायचं. एकमेकांपासून लांब अशी तीन बेटं, मधला प्रवास छोट्या विमानाने, आणि मांटा सगळ्यात शेवटच्या बेटावर. कॉलेजातून आले की मी चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसायचे आणि विमानांच्या वेळा जुळवायचे. एवढ्या वर्षांत मी घरातल्या कुठल्याच प्रवासाची आखणी केली नव्हती. मी फक्त बॅगा भरल्या होत्या.

एका रविवारी नवऱ्याने फोनवर बोलता बोलता त्याच्या दादाला हे सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत सहल सहा जणांची झाली होती. आम्ही दोघं, माझे मोठे दीर आणि जाऊबाई, आणि जाऊबाईंची बहीण तिच्या यजमानांसह. मला कोणी विचारलं नाही. मला कळवण्यात आलं. 'आपली बेटांची सहल' नावाचा ग्रुप मोबाइलवर निघाला होता आणि त्यात मी शेवटून दुसरी होते.

"अरे, ही माझी सहल आहे," मी नवऱ्याला म्हणाले.

"मग कोणाची आहे म्हणतोय मी? सगळ्यांबरोबर जाऊ. दादा म्हणतोय तो सगळं बघतो. तुझीच डोकेफोड वाचली."

माझे दीर खडकीला नोकरी करून निवृत्त झाले. कुटुंबातल्या सहली तेच आखतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. दीड दिवसात अष्टविनायक आटोपून आणल्याचं ते अजून सांगतात. त्यांच्या सहलीत टेकायला मिळतं ते फक्त गाडीच्या सीटवर. रिकामा तास दिसला की त्यांना पैसे वाया गेल्यासारखं होतं, आणि मग तिथे एखादं देऊळ, एखादा धबधबा, नाही तर एखादी लोणच्याची बाजारपेठ येऊन बसते.

आता मी जो बेत आखला होता त्यात रिकामे तास नव्हते, रिकामे दिवस होते. प्रत्येक विमानाच्या आधी एक. ते मी हौसेने ठेवले नव्हते. पाण्याखाली दाबाची हवा श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात मुरतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. तसं न करता विमानात बसलं, वर दाब कमी झाला, की तो शरीरातच बुडबुडे करून सुटतो. सांधे धरतात, कधी पाय लुळे पडतात, माणूस जाऊही शकतो. म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर आख्खा दिवस जमिनीवर काढायचा, मग उडायचं. आमची प्रशिक्षक त्याला कोरडा दिवस म्हणायची. हा नियम मी बारावीच्या पोरांना सांगते तेव्हा त्यांना एका वाक्यात कळतो.

दिरांना तीन फोन करून कळला नाही.

"अगं, विमान अर्ध्या-पाऊण तासाचं. ते किती वर जाणार?"

"पुरेसं वर जातं, भाऊजी."

"छोटं विमान आहे. पंख्याचं."

"रक्ताला विमानाचा आकार कळत नाही. सोड्याची बाटली उघडल्यावर काय होतं ते तुम्ही पाहिलंय ना? तसं होतं."

"बरं, मग तू सकाळची डाइव्ह कर आणि आपण संध्याकाळचं विमान घेऊ. मधे चांगले आठ तास मिळतात. आठ तासांत काय सुटायचं ते सुटेल की."

मी त्यांना परत पहिल्यापासून समजावलं. ते ऐकून घेत आणि दोन दिवसांनी बेताची सुधारित आवृत्ती पाठवत. एकात कोरड्या दिवशी पॅराशूट बांधून बोटीमागे हवेत उडायचा कार्यक्रम होता. म्हणजे विमानात बसायचं नाही म्हणून ठेवलेल्या दिवशी त्यांनी मला पतंगासारखं वर सोडलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी शेवटच्या बेटावरची माझी डाइव्हच काढून टाकली आणि खाली लिहिलं, 'काचेच्या तळाची बोट उपलब्ध. तोच मासा वरून दिसेल.' ते वाचून माझे कान गरम झाले. मी वर्गावर होते. पोरांना गणित घालून दिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "तू त्यांना सांग. तुझा भाऊ आहे."

"अगं, तो एवढं मनापासून करतोय. सरळ नाही कसं म्हणायचं? थोडं इकडे तिकडे कर ना."

"काय इकडे तिकडे करू? नायट्रोजन?"

तो टीव्हीकडे बघत राहिला. माझ्या रक्तातला वायू काही सासरच्या मंडळींना विचारून बाहेर पडत नाही, हे त्याला पटत होतं. फक्त ते दादासमोर त्याला बोलायचं नव्हतं. मी त्या आठवड्यात रात्रीची भांडी जरा जास्तच आवाज करत घासली. कोणी लक्ष दिलं नाही.

मी मग दिरांना लेखी कळवलं. प्रत्येक विमानाआधी मला एक कोरडा दिवस हवा. त्या दिवशी मी पाण्यात उतरणार नाही, उंच जाणार नाही, आणि हे जमणार नसेल तर मी माझी वेगळी जाईन. एवढ्या वर्षांत त्या घराला मी असं काही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "मान्य," दीर म्हणाले. "तुझे तिन्ही दिवस मोकळे सोडतो. उगाच वाद नको."

इतक्या सहज मान्य झालं की मला लाजल्यासारखं झालं. वाटलं, आपणच फार ताणलं. म्हातारा माणूस, हौसेने करतोय. मी नवऱ्याला म्हटलं, भाऊजी मनाने चांगले आहेत. त्या आनंदात मी प्रशिक्षक मुलीला फोन केला आणि शेवटच्या बेटावरच्या दोन डाइव्ह पक्क्या करायला सांगितल्या.

त्यानंतरच्या रविवारी कोथरूडला दिरांच्या घरी सगळ्यांची बैठक झाली. जाऊबाईंनी पोहे केले होते. दिरांनी लॅपटॉप टीव्हीला जोडून बेत पडद्यावर लावला होता. रंगीत चौकोन होते. पिवळा म्हणजे विमान, निळा म्हणजे माझी डाइव्ह, केशरी म्हणजे बाकीच्यांचं फिरणं. माझे तीन कोरडे दिवस हिरवे होते. ते तसे पाहून मला इतकं बरं वाटलं की पोह्यांवर मी पुन्हा लिंबू पिळून घेतलं.

"आता सामान," दीर म्हणाले. "छोट्या विमानात वजनाची फार कटकट आहे. मी हिशोब घातलाय. हिने आपलं ते पाण्यातलं सामान आणू नये. पायातले पंख, तो श्वासाचा पाइप, सगळं तिथे भाड्याने मिळतं. कुकर मिळत नाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "कुकर कशाला?"

"हिरव्या दिवसांना," ते शांतपणे म्हणाले. "मी मुद्दाम स्वयंपाकघर असलेली गेस्टहाउस शोधलीत. तुला त्या दिवशी पाण्यात जायचं नाही, विमानात बसायचं नाही, मोकळीच आहेस. म्हणून त्या दिवशी घरचं जेवण धरलंय. आम्ही बोटीने डॉल्फिन बघून येतो, तोवर तुझं होईल. पुढच्या विमानात खायलाही काही बरोबर घेता येईल. दशम्या वगैरे."

जाऊबाई म्हणाल्या, "मेतकूट आणि गोडा मसाला मी देते. तू फक्त तांदूळ आण."

एवढं सगळं कोणी चोरून नव्हतं ठरवलं. कोणाच्या आवाजात मागणं नव्हतं की संकोच नव्हता. आमच्यात सहल अशीच निघते. कुठेही गेलं तरी एक बाई भात लावते आणि मग बाकीच्यांना देश कसा होता ते सांगायला जीभ मोकळी राहते. महाबळेश्वरला मी हे केलंय, काशीला केलंय, गोव्यात समुद्राकडे पाठ करून खोलीतल्या शेगडीवर पिठलं केलंय. फक्त या वेळी त्यांनी माझा कोरडा दिवस त्यासाठी वापरला होता. ज्या दिवसासाठी मी भांडले, तो मला मिळाला तेव्हाच त्यात कुकर ठेवून मिळाला.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने माझी नजर टाळली असं मी म्हणणार नाही. त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं, मग ताटलीकडे, आणि म्हणाला, "वहिनी, अजून थोडे पोहे आहेत का?"

"मी स्वयंपाक करणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?" दीर म्हणाले.

"म्हणजे तांदूळ धुणार नाही, कुकर लावणार नाही, दशम्या लाटणार नाही. मी सहलीला चाललेय."

"आणि आम्ही काय कामाला चाललोय?" ते हसून म्हणाले. बहिणीचे यजमानही हसले. मी हसले नाही.

मी सांगितलं की प्रत्येक गेस्टहाउसला फोन करून मी विचारते, वरण-भात-पोळी ते करून देतील. दिरांनी नकारार्थी मान हलवली, आमच्यात सगळे शाकाहारी. भांडी त्यांचीच ना, त्याच तव्यावर मासे तळत असणार. तिथे म्हणे सगळ्यात मासे घालतात, नाश्त्याच्या नारळातसुद्धा. मी म्हटलं, मग फळं खा, पाव खा, चार दिवस थोडं कमी खा. यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी कोणाला तरी उपाशी मारायचा प्रस्ताव मांडलाय असं वाटावं.

जाऊबाई मला आत घेऊन गेल्या. ओट्याशी उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "तू नाही म्हणालीस की ते माझ्या गळ्यात येणार. एवढं तरी समजून घे."

"तुम्हीही नाही म्हणा ना, वहिनी."

"माझं वय आहे का आता नाही म्हणायचं?" त्या चिडूनच म्हणाल्या. आणि त्यांचा राग त्यांच्या नवऱ्यावर नव्हता, माझ्यावर होता. मला त्यांची कीवही आली आणि संतापही. आम्ही दोघी त्या ओट्याशी उभ्या होतो आणि ज्यांच्यामुळे भांडत होतो ते बाहेर डॉल्फिनचे व्हिडिओ बघत होते.

परत येताना सिंहगड रोडला गाडी अडकली. बराच वेळ आम्ही एका टेम्पोच्या मागे उभे होतो. नवरा म्हणाला, "साधा भात तर लावायचा होता. एवढं काय."

"साधा भात आहे तर तू लाव."

"मला येतो का?"

"मला तरी डायव्हिंग कुठे येत होतं? शिकले."

यावर त्याने रेडिओ लावला. मी तो बंद केला.

तीन दिवसांनी ग्रुपवर दिरांचा निरोप आला. काही कारणामुळे सहल रद्द करण्यात येत आहे, सर्वांनी नोंद घ्यावी. खाली जाऊबाईंच्या बहिणीने हात जोडले. मी तो निरोप परत परत वाचला. समुद्र तिथेच होता, बेटं तिथेच होती, विमानं वेळेवर उडणार होती, मासा आपल्या जागी येणार होता. एवढ्यातलं काहीही रद्द झालं नव्हतं. फक्त भात लावणारं कोणी नव्हतं, म्हणून मालदीव रद्द झालं होतं. आणि पुढच्या आठवड्यात नात्यातल्या एका लग्नात मला दोन बायकांनी वेगवेगळं गाठून विचारलं की तू म्हणे सगळ्यांची सहल बुडवलीस. पहिलीला मी खरं सांगायला गेले. दुसरीला म्हणाले, हो, बुडवली, पाण्याखाली उतरायची सवयच आहे मला.

राग उतरत नव्हता. पोळ्या लाटताना, पेपर तपासताना, रिक्षात, मी मनातल्या मनात दिरांशी भांडत होते. त्यांच्या रंगीत चौकोनांशी, त्यांच्या 'मान्य'शी. त्यांनी माझी सहल घेतली, माझे दिवस घेतले आणि नको झाल्यावर सगळं टाकून दिलं. या सगळ्यात मला एकच गोष्ट चांगली दिसत होती. आता मधे कोणी नव्हतं.

म्हणून एका संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले, "आपण दोघं जाऊ. तीच बेटं. तू पाण्यात उतरू नकोस, किनाऱ्यावर बस, वाच. कोरड्या दिवशी आपण दोघंही काही करायचं नाही. नुसतं बसायचं. किती वर्षांत बसलो नाही."

तो वर्तमानपत्र खाली ठेवून खरोखर विचार करू लागला. मला ते कळलं, कारण विचार करताना तो चष्मा काढतो. मला वाटलं, हा हो म्हणेल. दादा मधे नाही, वहिनी नाहीत, आता तर म्हणेल. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"पण मी तिथे काय खाणार?" तो म्हणाला.

गंमत करत नव्हता. टोमणाही नव्हता. त्याला खरंच तेवढीच अडचण होती.

दोन महिने मी चुकीच्या माणसावर संतापले होते. दिरांनी निदान चौकोन रंगवून, सगळ्यांसमोर, माझं काम पडद्यावर दाखवलं होतं. त्यांच्याशी मला भांडता तरी आलं. हा माणूस रोज ताटावर येऊन बसत होता आणि ताट कुठून येतं याचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. मी शेजारून उठले. ओरडावंसं वाटत होतं, पण आवाज नेहमीसारखाच निघाला.

"मग मी एकटी जाते."

तो चष्मा पुसत बसला. एवढ्या लांब, अनोळखी मुलखात, समुद्राच्या तळाशी बायको एकटी जाणार म्हटल्यावर माणूस काहीतरी विचारेल. बरोबर कोण असतं, काही झालं तर दवाखाना कुठे आहे, शार्क असतात का. मी त्या प्रश्नांची उत्तरं मनात तयारही करत होते.

"मग मी इथे काय खाणार?" त्याने विचारलं.

मी लॅपटॉप उघडला आणि एका माणसाचं तिकीट काढलं, प्रत्येक विमानाआधी एक आख्खा दिवस रिकामा ठेवून.